मुक्या जिवांसाठी परदेशी हात पसरावा काय?



मागच्या पौर्णिमेला आमच्या विहारात वंदना झाली, खीर वाटून झाली आणि मग एक प्रश्न उभा राहिला. तो मी आज तुमच्यापुढे ठेवणार आहे. आपल्यापैकी काही कुटुंबांनी गेल्या दोन-चार वर्षांतच दीक्षा घेतली आहे. त्यांच्या घरात असे प्रश्न रोज निघतात, हे मला ठाऊक आहे. जुन्या बौद्ध घरांतही ते निघतात, फक्त तेथे कोणी मोठ्याने विचारीत नाही.

आमच्या वस्तीतली पाच-सहा मुले गेली दोन वर्षे एक काम करीत आहेत. हमरस्त्यावर गाडीखाली सापडलेले कुत्रे, पडक्या विहिरीत पडलेले मांजर, संक्रांतीच्या दिवसांत मांज्याने पंख कापलेली घार, असे जे जे सापडेल ते उचलून आणायचे, जखम धुवायची आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यायचे. घुबड, कासव, खवल्या मांजर असे काही हाती लागले तर वनखात्याला कळवायचे. खर्च पदरचा. कोणी मजुरी करतो, कोणी शिकवण्या घेते. अर्थात पैसे संपले. तेव्हा मुलांनी ठरविले की, परदेशात अशा कामाला मदत करणारे पुष्कळ लोक आहेत, त्यांना पत्र लिहावे. इंग्रजी पत्र लिहायचे तर मास्तरांनी लिहावे, हे ओघानेच आले.

मी पत्र लिहिले आणि विहारात वाचून त्याचा अर्थ मराठीत सांगितला. माझे वाचून होते न होते तोच एक वृद्ध उपासक उठले. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. ते म्हणाले, "गुरुजी, माझा बाप येसकर होता. घुंगराची काठी घेऊन दारोदार भाकरी मागायचा. बाबासाहेबांनी ती झोळी टाकायला लावली. आता तुम्ही पोरांच्या हातात नवी झोळी देता व्हय? आन् ती बी कुत्र्यासाठी? माझ्या नातवाला वसतिगृहात जागा मिळंना, त्याच्यासाठी कुणी गोऱ्या साहेबाला कागद लिहिला का?"

सभा गप्प झाली. मी पत्र घडी घालून खिशात ठेवले. पुढे पंधरा दिवस ते तसेच होते. त्या पंधरा दिवसांत जे वाचले आणि जे सुचले, ते सांगतो.

आबांच्या बोलण्यात दोन गोष्टी होत्या. एक, कुत्र्यासाठी का? दुसरी, मागायचे का?

पहिली आधी घेऊ. प्राण्यांच्या दयेची भाषा कोणी काढली की आपल्या कपाळावर आठी येते. ती आठी उगीच आलेली नाही. मुंग्यांना साखर घालणारे हातच आपल्या वाडवडिलांच्या ओंजळीत वरून पाणी ओतीत होते. महाडच्या चवदार तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती, आणि माणसाला तेथे बंदी होती. १९२७ साली बाबासाहेब ज्या अन्यायाविरुद्ध उभे राहिले तो हाच. पण बंधूंनो, एक गोष्ट नीट पाहा. त्या सत्याग्रहात आपण काय मागितले? ढोरांना तळ्यावरून हाकला, असे मागितले काय? नाही. माणसाला पाणी नाकारले जाते, ही तक्रार होती. जनावराला ते मिळते, याबद्दल आपले भांडण नव्हते. आज आपण रागाच्या भरात जनावराचे पाणी तोडायला निघालो तर भांडणाचा मुद्दाच विसरलो, असे होईल.

नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी तेरावी प्राणिमात्रांवरील दयेची आणि त्यांच्या पालनाची आहे. आपल्या मुलांना पहिल्या आठ प्रतिज्ञा तोंडपाठ असतात, कारण त्यांत सोडायचे काय ते सांगितले आहे. नंतरच्या म्हणताना आवाज खाली येतो. मी वर्गात पाढे घेतो तेव्हाही असेच होते, तेरापासून पुढे सगळे पुटपुटतात.

‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेब करुणेवर थांबत नाहीत. करुणा माणसांपुरती राहू शकते, मैत्री सर्व जिवांपर्यंत गेली पाहिजे, असे ते मांडतात. त्याच ग्रंथात त्यांनी सिद्धार्थाच्या बालपणातली बाण लागलेल्या पक्ष्याची गोष्ट घेतली आहे. देवदत्त म्हणतो, मी पाडला म्हणून माझा. सिद्धार्थ म्हणतो, मी वाचविला म्हणून माझा. आणि अहिंसेबद्दल बोलताना बाबासाहेब हेही स्पष्ट करतात की, मारण्याची गरज आणि मारण्याची हौस या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पिसाळलेला कुत्रा पोरांच्या अंगावर आला तर काय करायचे, हा प्रश्न आपला धम्म टाळीत नाही. प्रज्ञा आणि करुणा ही जोडी त्यांनी बरोबर ठेवली ती याचसाठी.

आता एक जातककथा सांगतो. मागील जन्माचे काही मनात आणू नका. गोष्ट न्यायाची आहे, न्यायासाठीच ऐका.

वाराणसीच्या राजाचा रथ एका रात्री अंगणात उघड्यावर राहिला. पाऊस पडला, चामड्याच्या वाद्या भिजून मऊ झाल्या. राजवाड्यातले पाळीव, जातिवंत कुत्रे खाली उतरले आणि त्यांनी त्या वाद्या कुरतडून खाल्ल्या. सकाळी नोकरांनी राजाला सांगितले की, मोरीतून बाहेरचे कुत्रे शिरले आणि त्यांनी हे केले. राजा संतापला. दिसेल तो कुत्रा मारा, असा हुकूम सुटला. गावभर कुत्री मरू लागली. उरलेली पळाली ती स्मशानात, कारण त्यांचा पुढारी तेथे राहत असे. तो पुढारी एकटा निघाला आणि थेट राजाच्या न्यायासनाखाली जाऊन बसला. त्याने विचारले, महाराज, अपराध कोणाचा हे तुम्ही पाहिले काय? राजा म्हणाला, पाहिले नाही. मग सगळे कुत्रे मारता काय? सगळे, फक्त वाड्यातले सोडून. तेव्हा तो म्हणाला, म्हणजे ही कुत्र्यांची शिक्षा नव्हे, दुबळ्यांची कत्तल आहे. वाड्यातल्या कुत्र्यांना ताकात दर्भ घालून पाजा, काय बाहेर पडते ते पाहू. तसे केले, आणि भर दरबारात चामड्याचे तुकडे ओकून पडले.

या कथेला कुक्कुर जातक म्हणतात. छंद, द्वेष, भय आणि मोह या चार वाटांनी राज्यकर्ता न्याय सोडतो, असे तिच्यात सांगितले आहे. मी ती सातवीच्या वर्गात सांगितली तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, चोरी वाड्यात झाली आणि मार वस्तीला पडला." मी तिला अधिक काही समजावून सांगितले नाही.

गावकुसाबाहेरचे कुत्रे आणि गावकुसाबाहेरचा माणूस यांची तुलना मी करीत नाही. ती तुलना आपला अपमान करणाऱ्यांनी पुष्कळ केली आहे. पण न चौकशी करता दुबळ्याला दोषी ठरविणे म्हणजे काय, हे आपल्याला पुस्तकात वाचावे लागत नाही. ज्याने ते अंगावर सोसले त्याने दुसऱ्या जिवाबाबत तरी घाई करू नये.

कुत्र्याच्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, आणि ती आयाबायांनी नीट ऐकावी. पिसाळलेले कुत्रे चावते कोणाला? पहाटे झाडू मारायला निघालेल्या बाईला, नाक्यावर उघड्यावर झोपलेल्या मजुराला, शाळेतून चालत येणाऱ्या आपल्या पोराला. रेबीज एकदा अंगात भिनून लक्षणे दिसू लागली की माणूस वाचत नाही म्हटले तरी चालेल. हा रोग मारून मिटत नाही. मारलेल्या कुत्र्यांच्या जागी नवीन येतात, आणि ती लस न टोचलेली असतात. भागातल्या शंभरपैकी सत्तर कुत्र्यांना लस टोचली तर रोगाची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. म्हणजे गल्लीतल्या कुत्र्याची काळजी ही आपल्या लेकराचीच काळजी आहे. (चावा घेतलाच तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. अंगारा तर नाहीच नाही.)

हे कोठे होऊन दाखविले आहे, असे विचाराल तर फार लांब जायला नको. शेजारी गोवा आहे. ‘मिशन रेबीज’ या नावाचे काम २०१३ साली ब्रिटनमधल्या पशुवैद्यांच्या पुढाकाराने भारतात सुरू झाले आणि पुढे गोव्यात सरकारच्या सहकार्याने स्थिर झाले. परदेशातले पशुवैद्य आणि साधे स्वयंसेवक येतात, येथल्या मुलांबरोबर हातात जाळी घेऊन गल्लोगल्ली हिंडतात. कुत्रे जाळीत धरायचे, लस टोचायची, अंगावर रंगाची खूण करायची, मोबाइलमध्ये नोंद करायची आणि सोडून द्यायचे. शाळांतून मुलांना शिकवायचे की कुत्रे अंगावर आले तर पळू नका, झाडासारखे उभे राहा. २०२१ साली गोवा हे देशातले पहिले रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले, तेव्हा मागील तीन वर्षांत तेथे या रोगाने एकही माणूस दगावला नव्हता.

दुसरे उदाहरण बौद्ध देशातले आहे. थायलंडमध्ये लोकांना नकोसे झालेले कुत्रे विहाराच्या आवारात सोडून जाण्याची रीत आहे. भिक्खू त्यांना आपल्या पात्रातले उरलेले अन्न घालतात. ही करुणा खरी. पण पोट भरले, पिले वाढली, खरूज पसरली, आणि लस कोणी टोचली नाही, असेही होते. फुकेत बेटावर निवृत्तीनंतर राहायला आलेल्या जॉन आणि जिल डॅली या इंग्रज जोडप्याने काही सोबत्यांसह २००३ साली तेथे ‘सॉइ डॉग’ ही संस्था काढली. सॉइ म्हणजे गल्ली. २००४ साली एका कुत्र्याला वाचविण्यासाठी जिलबाई पाण्याने भरलेल्या शेतात शिरल्या. त्यातून रक्तात विष भिनले, आणि त्यांचे दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्सुनामी आली. बाई कृत्रिम पायांवर उभ्या राहून कामाला लागल्या आणि २०१७ साली निधन होईपर्यंत ते काम सोडले नाही. आज त्या संस्थेने लाखो कुत्र्या-मांजरांची नसबंदी आणि लसीकरण केले आहे. मेकाँग नदीपलीकडे मांसासाठी चोरून नेल्या जाणाऱ्या कुत्र्यांच्या प्रश्नावर तिने आवाज उठविला. २०१४ साली थायलंडमध्ये प्राण्यांवरील क्रौर्याविरुद्ध कायदा झाला, त्यामागे अशा अनेकांचा रेटा होता. हा सगळा पैसा आला कोठून? कोणी एका धनिकाने दिला नाही. अनेक देशांतली सामान्य माणसे दरमहा थोडे थोडे पाठवितात.

येथे गिधाडांचा विषय थोडक्यात काढतो, कारण तो आपल्याला लागून आहे. मेलेल्या ढोराभोवती आपल्या पूर्वजांना गिधाडांशी आणि कुत्र्यांशी झोंबावे लागे. ते मांस सोडा, असे बाबासाहेबांनी महाडला सांगितले आणि आपण सोडले. गिधाडांना सोडता आले नाही. ढोरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाचा अंश त्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाऊ लागला, त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली, आणि १९९० नंतरच्या काही वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे जवळजवळ नाहीशी झाली. कारण कळले २००४ साली, जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली २००६ साली. हरयाणात पिंजोर येथे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने गिधाडांची पैदास सुरू केली, तिला ब्रिटनमधल्या पक्षिमित्रांची मदत झाली. गिधाडे गेल्यावर मढी उघड्यावर पडू लागली, त्यावर कुत्री वाढली, आणि कुत्र्यांबरोबर रेबीजची भीती वाढली, असे अभ्यासक सांगतात. आपल्या दारातले कुत्रे किती लांबून चालत आले आहे पाहा.

आता आबांचा दुसरा प्रश्न. मागायचे का? खरे सांगतो, मला हाच अधिक लागला.

येसकराची भाकरी ही मुळात भीक नव्हती. रात्रंदिवस गावाचे काम केल्याची ती मजुरी होती. पण ती हक्काने दिली जात नसे. शिळी करून, वरून टाकून, "जोहार मायबाप" म्हणवून घेऊन दिली जाई. मजुरीला भिकेचे रूप दिले, हीच त्यातली गोम होती. भिक्खूही दारात पात्र घेऊन उभा राहतो, परंतु तो देणाऱ्याची स्तुती करीत नाही, आपले दुःख सांगून त्याचे मन वितळवीत नाही, आणि दान मिळाले नाही तर शांतपणे पुढे जातो. देणारा आणि घेणारा एका उंचीवर उभे असतात. भिकेत कोणी हिशोब मागत नाही, कारण घेणाऱ्याला तेवढी योग्यता आहे असे कोणी मानीतच नाही. दानात हिशोब द्यावा लागतो.

आणि परदेशी म्हणाल, तर धम्माला परदेश नवा नाही. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने दुसऱ्या शिलालेखात नोंदविले आहे की, माणसांसाठी आणि पशूंसाठी उपचाराची व्यवस्था आपल्या राज्यात केली, तशीच चोल, पांड्य, ताम्रपर्णी येथे आणि यवन राजा अंतियोकाच्या मुलखातही केली. जेथे औषधी वनस्पती नव्हत्या तेथे त्या नेऊन लावल्या. पाचव्या स्तंभलेखात पोपट, मैना, कासव, वटवाघूळ अशा जिवांना मारण्यास मनाई आहे. याच सम्राटाच्या लेखांचे तुकडे मुंबईजवळ सोपाऱ्यास सापडले. म्हणजे मदत या देशातून बाहेर जात होती, तीही पशूंसाठी. आज ती उलट दिशेने आली म्हणून खाली मान घालण्याचे कारण नाही.

आबांनी नातवाच्या वसतिगृहाचे विचारले. त्याचे उत्तर मला शोधता शोधता सापडले. १९७९ साली त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाचे काम पुण्यात सुरू झाले. आपल्या मुलामुलींच्या वसतिगृहांसाठी, बालवाड्यांसाठी ब्रिटनमधले बौद्ध तरुण १९८० पासून संध्याकाळी घरोघर जाऊन दारावर थाप मारीत आणि दरमहा थोडी रक्कम द्याल का, असे विचारीत. आजच्या करुणा ट्रस्टची सुरुवात तीच. अनोळखी दारात उभे राहणे, दहा दारे बंद होणे, अकराव्या दारात पुन्हा तेच नम्रपणे सांगणे, हे त्या मुलांनी आपल्यासाठी केले. म्हणजे आबा, कागद लिहिले गेले होते. ते आपल्याला कोणी सांगितले नाही एवढेच.

हे सारे मनात घेऊन मी खिशातले पत्र पुन्हा उघडले, आणि मला लाज वाटली. मी काय लिहिले होते? आम्ही अत्यंत गरीब आहोत, असहाय आहोत, आमच्या जातीला कोणी विचारीत नाही, आपण दयाळू आहात. सोबत रक्ताने माखलेल्या पिलाचा फोटो. हे "जोहार मायबाप" नव्हे तर काय? भाषा इंग्रजी होती एवढाच फरक. आबांना इंग्रजी येत नाही, पण त्यांनी वाकलेली पाठ बरोबर ओळखली.

शिवाय चौकशी केल्यावर आणखी एक चूक कळली, आणि तुमच्या वस्तीतही मुले असे काम करीत असतील तर ही माहिती त्यांना द्या. परकीय अंशदान कायदा २०१० आणि त्यातली २०२० ची दुरुस्ती यांप्रमाणे नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या मंडळाला कामासाठी परदेशातून पैसा घेता येत नाही. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षांची हवी आणि तिने त्या तीन वर्षांत कामावर पंधरा लाख रुपये खर्च केलेले हवेत. पैसा प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, आणि नोंदणी असलेली संस्था तो दुसऱ्या संस्थेला वाटून देऊ शकत नाही. आमच्या पोरांकडे पंधराशे नाहीत. तेव्हा कोणी परदेशी पाहुणा प्रेमाने म्हणाला की, मित्रांकडून वर्गणी गोळा करून तुझ्या खात्यावर टाकतो, तर हात जोडून नको म्हणा. हेतू चांगला असला तरी पोरगे अडचणीत येईल.

म्हणून पत्र बदलले. ते आता परदेशातल्या कोणा दात्याला नाही. रीतसर नोंदणी असलेल्या, परदेशी दानावर येथेच काम करणाऱ्या संस्थेला आहे. पैसे मागितलेले नाहीत. तुमचे पथक आमच्या वस्तीत आणा, आमच्या मुलांना जाळी धरायला, जखम बांधायला, नोंद ठेवायला शिकवा, लस तुमची, जागा विहाराची, जेवण आमचे, असे लिहिले आहे. दोन वर्षांत किती जनावरे आणली, किती वाचली आणि किती मेली, हे वहीतून उतरवून दिले. मेलेल्यांचा आकडा मुलांना नको होता. मी ठेवला. जातीचा उल्लेख दयेसाठी नाही. आम्ही बौद्ध आहोत आणि तेरावी प्रतिज्ञा पाळण्याचा प्रयत्न करतो, एवढेच एक वाक्य आहे. फोटो त्याच मुलीचा, हातात बरे झालेले कुत्रे धरून उभी असलेली.

परवा वंदनेनंतर हे पत्र वाचले. आबांनी दोनदा वाचायला लावले. मग कनवटीचे पन्नास रुपये काढून सतरंजीवर ठेवले आणि म्हणाले, "पावती फाडा. वहीत पहिलं नाव घरच्या माणसाचं असू द्या." पावतीपुस्तक नव्हते. वहीचे पान फाडून त्यावर लिहून दिले, त्यांनी ते घडी करून टोपीत ठेवले.

मी उठता उठता त्यांनी हात धरला. "आन् माझ्या नातवाचा कागद?"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही दोघे बसलो. वसतिगृहाचा अर्ज चार पानी आहे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, मागच्या वर्षाची गुणपत्रिका. उत्पन्नाचा दाखला अजून तहसील कचेरीतून यायचा आहे.